अडतीस अपवाद

बँकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना आणि स्वच्छतागृह यांच्या मधल्या खोलीत रिस्क डिपार्टमेंट होतं. डिपार्टमेंट म्हणजे एक बाई, दोन टेबलं आणि दार न लागणारं एक कपाट. दुसरं टेबल कुणाचं, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. टेबल मंजूर होऊन आलं होतं. त्याच्यामागे बसणारा माणूस मंजूर व्हायचा होता. बँकेतले लोक तिला जरतरबाई म्हणत. असं नाव पाठीमागे घ्यायची रीत आहे, पण हे लोक तोंडावरच घेत आणि तीही ओ देत असे.

तिचं काम सांगायला सोपं होतं, म्हणूनच बहुधा ते कुणाला पटत नसे. ठेवीदारांचे जे पैसे कर्जात जात नाहीत, ते बँक रोख्यांत गुंतवते. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचे भाव उतरतात, म्हणजे काहीही न करता, नुसतं बसल्या जागी बँकेचं नुकसान होऊ शकतं. तर आज असं किती नुकसान होऊ शकेल, याचा एक आकडा जरतरबाईंनी रोज सकाळी साडेनऊला वरच्या मजल्यावर पाठवायचा. त्यासाठी मागचे हजार कामाचे दिवस घ्यायचे, त्या त्या दिवशी भाव जसे हलले तसे आज हलले तर काय होईल ते काढायचं, सगळ्यात वाईट दिवस तळाशी धरून सगळे ओळीने लावायचे आणि तळातून दहावा दिवस उचलायचा. तो आजचा आकडा. शंभरातले नव्व्याण्णव दिवस तोटा त्याच्या आत राहावा, असं गणित. उरलेल्या एका दिवशी काय होईल, याबद्दल आकडा मौन पाळतो. ह्या मौनाला वरच्या मजल्यावर सुरक्षितता म्हणत.

संध्याकाळी खरा हिशोब यायचा. तोटा सकाळच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला, तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल ठिपका देई. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे, तेव्हा दोन-तीन ठिपके पडायलाच हवेत. एकही नसला तर आकडा भित्रा. फार असले तर आकडा थापाड्या.

यंदा अकरा ठिपके होते.

ह्याची चिंता कुणी करत नव्हतं, कारण डिपार्टमेंटची एक जुनी पद्धत होती. ठिपका पडला की खुलासा लिहायचा. परदेशातल्या कुठल्या निवडणुकीचा निकाल आला, तेल महागलं, मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर पत्रकारांसमोर नको ते बोलून गेला. काहीतरी कारण असतंच. खुलासा वर मान्य झाला की तो दिवस ‘अपवाद’ ठरे आणि हजार दिवसांच्या ओळीतून निघे. त्याच्या जागी मागचा एखादा जुना, गुणी दिवस ओढून घ्यायचा, म्हणजे हजार भरतात. पद्धत साहेबांनी घालून दिली होती. साहेब म्हणजे आताचे उपमहाव्यवस्थापक. पूर्वी ह्याच खोलीत, आता जरतरबाईंचं आहे त्या टेबलाशी बसत. बारा वर्षं काउंटरवर नोटा मोजणाऱ्या ह्या बाईने एकदा त्यांच्या परिपत्रकातली टक्केवारीची चूक पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवली होती. दुसरा कुणी असता तर त्याने तिची बदली केली असती. साहेबांनीही बदलीच केली, पण आपल्या हाताखाली. तिला सगळं त्यांनी शिकवलं. भाव कसे वाचायचे, ओळ कशी लावायची आणि खुलासा कसा लिहायचा, तेसुद्धा.

खुलासा लिहिण्यात मात्र ती गुरूच्या पुढे गेली. तिचे खुलासे अर्ध्या पानाचे असत, पण वाचणाऱ्याला वाटे, छे, असं काही पुन्हा व्हायचंच नाही! ट्रेझरीतला डीलर तर ते खुलासे जपून ठेवी. रोखे विकत घेणं-विकणं हे त्याचं काम. त्याचा प्रत्येक सौदा ‘पक्कं’ ह्या शब्दाने संपे, म्हणून त्याचं नावच पक्कं पडलं होतं.

त्या सोमवारी हा पक्कं तिच्या दारात उभा राहिला. दोन्ही हातांत फोन, म्हणून त्याने दार कोपराने उघडलं.

“ताई, गुरुवारी कमिटी. रोखे दुप्पट करायचा प्रस्ताव. साहेबांनी मांडलाय, तुमची सही झाली की पास, पक्कं.”

“दुप्पट?”

“मग? बोर्डाने मर्यादा किती घालून दिलीय? दिवसाला तीन कोटी. तुमचा आकडा किती? एक कोटी दहा लाख. दुप्पट केले तर दोन वीस. वर ऐंशी लाख हवा खायला शिल्लक. हिशोब तुमचाच, मी फक्त दोनाने गुणलं.”

“तेवढं जमलं म्हणायचं.”

“हसा. पण खरं सांगू? तुमच्या खुलाशांच्या जिवावर आम्ही उभे आहोत. नाहीतर यंदा अकरा वेळा माझी पूजा बांधली असती लोकांनी.”

तो गेला. कौतुक बरं वाटायला हवं होतं. ते बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

गुरुवारची सही तिलाही हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. चार वर्षं ती ‘प्रभारी’ विभागप्रमुख होती. प्रभारी म्हणजे काम प्रमुखाचं, पगार काउंटरचा. त्याच बैठकीत तिला कायम करायचा विषय होता. विषयपत्रिकेत प्रस्तावाच्या लगेच खाली, एकाने दुसऱ्याचा हात धरून यावं तसा. कायम झाली की तिला घरासाठी अधिकाऱ्यांचं कर्ज मिळणार होतं, आणि तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं एक घर तिने पाहूनही ठेवलं होतं. तळमजला वडिलांसाठी.

वडील लिफ्टचे निरीक्षक होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी निरीक्षण चालूच होतं. बापलेक राहत ती इमारत जुनी, घर चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती, पण तिच्या तपासणीच्या दाखल्याची मुदत दीड वर्षापूर्वी संपलेली, आणि बिनदाखल्याच्या लिफ्टमध्ये पाय ठेवायला ते तयार नव्हते. चौऱ्याहत्तर वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांनी गेलेला माणूस रोज चार मजले चढे. मुलगी बरोबर असली की तीही चढे. एकटी असली की लिफ्टने जाई. याची नोंद वडिलांकडे नव्हती.

मंगळवारी सकाळी ती अकराव्या ठिपक्याचा राहिलेला खुलासा लिहायला बसली. शेवटचं वाक्य जमेना, तेव्हा जुन्या खुलाशांतून एखादं उचलावं म्हणून तिने ‘अपवाद’ नावाची शीट उघडली. एक खुलासा वाचला. दुसरा वाचला. मग खुर्ची पुढे ओढून सगळे वाचले. चार वर्षांतले सदतीस खुलासे, सगळे तिच्या हातचे, कारणं सदतीस तऱ्हेची आणि शेवट सगळ्यांचा एकच: ‘अशी परिस्थिती पुन्हा उद्भवण्याची शक्यता अत्यल्प आहे.’

अडतिसावा पडद्यावर अर्धा लिहिलेला होता. बोट त्याच वाक्याकडे निघालं होतं.

ती उठली, न लागणारं दार असलेलं कपाट उगाच लावून पाहिलं आणि परत बसली. मग काढून टाकलेले सगळे दिवस तारखेप्रमाणे आपापल्या जागी परत घातले. उसने आणलेले गुणी दिवस घरी पाठवले. ओळ पुन्हा लावली. तळातून दहावा दिवस उचलला.

दोन कोटी सत्तर लाख.

आजच्या आज, काहीही दुप्पट न करता, दोन कोटी सत्तर. दुप्पट केलं तर पाच कोटी चाळीस, आणि मर्यादा तीन. तिने गणित तीनदा करून पाहिलं. चूक सापडली असती तर तिला आनंद झाला असता. इतक्या मनापासून स्वतःची चूक ती आयुष्यात प्रथमच शोधत होती. चूक होती, पण आजच्या गणितात नव्हती. ती चार वर्षांची होती, आणि सुंदर भाषेत लिहिलेली होती.

दुपारी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच राहिला.

“अगं, तू हुशार आहेस हे मला माहीत आहे. सिद्ध कशाला करतेस?”

“साहेब, चार वर्षांत अडतीस. असायला हवे होते दहा.”

“म्हणूनच अपवाद म्हणतो ना आपण! पूर आला होता म्हणून कुणी रोज होडीतून ऑफिसला येत नाही.”

“नाही येत. पण भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण असते, तिच्यावर चुनाही फासत नाही. आपण दरवेळी फासला. आणि मग कोरडी भिंत दाखवून म्हणतोय, खाली अजून एक खोली काढू.”

साहेब हसले. मनापासून हसले, माणूस वाईट नव्हताच. “भाषा चांगली आहे तुझी. तीच खुलाशात घाल. हे बघ, प्रस्ताव माझा आहे. पद्धत माझी आहे. आणि विषय क्रमांक पाच तुझा आहे. गुरुवारी जुना आकडा जाऊ दे. नवीन पद्धतीचा अभ्यास आपण सावकाश करू. समिती नेमू. तूच अध्यक्ष.”

“माझ्या डिपार्टमेंटात मी एकटीच आहे साहेब.”

“मग एकमत व्हायला सोपं.”

ती दाराशी गेली तेव्हा ते मागून म्हणाले, “नीट विचार करा, मॅडम.” बारा वर्षं काउंटर, चार वर्षं ही खोली, इतक्या काळात ते तिला मॅडम कधी म्हणाले नव्हते.

बुधवारी संध्याकाळी ती एकटीच घरी आली. लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडून, आतला दिवा लावून, अगदी आग्रहाने. तिने दाखल्याच्या फ्रेमकडे पाहिलं आणि जिना धरला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती आणि तिच्यावर वडील बसले होते.

“हे काय बाबा?”

“विश्रांतिस्थान. सेक्रेटरीची परवानगी घेतलीय. तो म्हणाला, लिफ्टने जा की. मी म्हटलं, दाखला आण की. मग खुर्चीला हो म्हणाला. खुर्चीला दाखला लागत नाही.” त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तोंड का असं? आणि जिन्याने कशी? एकटी असलीस की लिफ्टने जातेस ना?”

नोंद होती तर.

ती पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. वडिलांना रोखे कळत नव्हते, टक्के कळत नव्हते, पण काढून टाकलेले दिवस म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

“म्हणजे लिफ्ट अडकली की रजिस्टरातलं ते पान फाडायचं?”

“फाडायचं नाही. आधी का अडकली ते छान लिहायचं, मग फाडायचं.”

“आणि मग वर्षाच्या शेवटी म्हणायचं, लिफ्ट कधी अडकलीच नाही, दुप्पट माणसं भरा.” ते जरा वेळ गुडघा चोळत राहिले. “आमच्याकडे आठ माणसांची लिफ्ट असली की दहा माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या चढवायच्या आणि ब्रेक लागतो का बघायचं. मालक दरवेळी तेच म्हणायचा, दहा माणसं कशाला चढतील, बाहेर पाटी लावलीय ना! एकदा एका मालकाने मला पाकीट देऊ केलं. घेतलं नाही म्हणून तुझ्या आईने आठ दिवस अबोला धरला.”

“आई आणि अबोला?”

“पाकिटात किती होते ते मी सांगायला नको होतं. तेवढी चूक झाली.” मग त्यांनी हळूच विचारलं, “घराचं काय होईल?”

“तळमजला जाईल.”

“जाऊ दे. मला खालचं आवडत नाही. रस्त्यावरचं पोर खिडकीतून टीव्ही बघतं.” ते खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले. उठताना तोंडातून निघालेला आवाज त्यांनी खोकल्यात बुडवला. तिने तो ऐकला. पुढचे दोन मजले बापलेक चढले. ती मनात पायऱ्या मोजत होती. छत्तीस.

गुरुवारी कमिटीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या झाकलेल्या ग्लासांची रांग आणि टोकाला अध्यक्ष. अध्यक्षांचा मोटारींचे सुटे भाग करायचा कारखाना होता, आणि कानात श्रवणयंत्र. चर्चा कंटाळवाणी झाली की ते यंत्र काढून समोर ठेवत आणि शांतपणे मान डोलावत. बहुतेक ठराव असेच पास होत. पक्कंने प्रस्ताव वाचायला घेतला तेव्हा यंत्र टेबलावर आलंच होतं.

“रिस्क डिपार्टमेंटचा अभिप्राय सोबत जोडला आहेच,” साहेब म्हणाले. “मॅडम, सही तेवढी राहिलीय.”

ती उभी राहिली. “सही दोन कोटी सत्तर लाखांवर करेन. एक कोटी दहावर करणार नाही.”

खोलीत कुणीतरी ग्लासवरचं झाकण उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

“मॅडम, ह्यावर आपलं बोलणं झालंय.”

“झालंय साहेब. ते कमिटीपुढे व्हायचंय.” तिने कागदांचा गठ्ठा काढला. “मी गेल्या चार वर्षांतले माझे खुलासे वाचून दाखवते. पूर्ण नाही, फक्त तारीख आणि शेवटचं वाक्य.”

आणि ती वाचू लागली. तारीख, मग ‘अशी परिस्थिती पुन्हा उद्भवण्याची शक्यता अत्यल्प आहे.’ पुढची तारीख, पुन्हा तेच. आवाज सपाट, काउंटरवर टोकन नंबर पुकारावा तसा. पाचव्याला पक्कं हसला. नवव्याला हसू थांबलं. चौदाव्याला साहेब टेबलाकडे बघू लागले. विसाव्याच्या आसपास अध्यक्षांच्या लक्षात आलं की बाईंचे ओठ बराच वेळ एकाच तऱ्हेने हलताहेत. त्यांनी यंत्र उचलून कानात घातलं, दोन खुलासे ऐकले आणि हात वर केला.

“बाई, एक मिनिट. हा अपवाद तुमच्याकडे येतो कितीदा?”

“हजार दिवसांत अडतीसदा. दर सव्वीस कामाच्या दिवसांनी एक.”

“म्हणजे महिना आणि वर थोडे दिवस गेले की एक?”

“हो.”

“आमच्या कारखान्यात ह्याला अपवाद नाही म्हणत. पगाराची तारीख म्हणतात.” त्यांनी साहेबांकडे पाहिलं. “हे खुलासे लिहिले कुणी?”

इथे ती गप्प राहिली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पद्धत साहेबांची होती, आणि खोलीतल्या निम्म्या लोकांना ते माहीत होतं.

“मी,” ती म्हणाली. “सदतीस पूर्ण, अडतिसावा अर्धा. चूक माझी आहे. म्हणूनच एकोणचाळिसावा लिहिणार नाही.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. मग म्हणाले, “पद्धत माझी होती, अध्यक्ष.” एवढंच. पण ते त्यांनी म्हटलं, आणि त्याची नोंद इतिवृत्तात आहे.

प्रस्ताव पुढील बैठकीपर्यंत स्थगित झाला. विषय क्रमांक पाचही स्थगित झाला, कारण हात धरून आलेली माणसं हात धरूनच परत जातात. नंतरच्या बैठकीत प्रस्ताव मागे घेण्यात आला. विषय क्रमांक पाच विषयपत्रिकेतूनच गळला. का, ते कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. महिनाभराने परिपत्रक निघालं: यापुढे कोणताही दिवस वगळू नये. खाली लिहिलं होतं, ‘उपमहाव्यवस्थापकांच्या मार्गदर्शनाखाली.’ ती प्रभारीच राहिली. तळमजल्यावरचं घर एका दंतवैद्याने घेतलं.

आणि मग बाजाराने तिची जिरवली. सात महिने भाव जागचे हलले नाहीत. जगात निवडणुका झाल्या, तेल महागलं, गव्हर्नर नको ते बोलला; रोख्यांना त्याचं सोयरसुतक नाही. पक्कं रोज जाता-येता दारात थांबे.

“ताई, दुप्पट केले असते ना, तर आज किती कमावलं असतं, सांगू?”

“सांग. आणि किती बुडालं असतं, तेही सांग.”

“बुडालं कुठे?”

“नाही बुडालं. तेही मी लिहिलंय.” आणि ती कॅलेंडरकडे बोट करी. सातही महिने कोरे होते. त्या कोऱ्या कॅलेंडरसाठी तिची जेवढी चेष्टा झाली, तेवढी अकरा ठिपक्यांसाठी कधी झाली नव्हती. ती रोज साडेनऊला आकडा पाठवत राहिली. घरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची खुर्ची आता सगळ्यांच्या सवयीची झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी तिच्यावर टेकवत. वडिलांनी तिसऱ्या वळणासाठी दुसऱ्या खुर्चीचा अर्ज केला होता. दाखल्यासाठीचा अर्ज दर सोमवारी वेगळा जात असे.

आठव्या महिन्यात एका बुधवारी भाव कोसळले. संध्याकाळी हिशोब आला: तीन कोटी पाच लाख. सकाळचा आकडा होता दोन कोटी सत्तर. तिने लाल पेन घेतलं, ठिपका दिला, आणि खुलाशाचा कागद भरून वर पाठवला.

दहा मिनिटांत साहेब स्वतः खाली आले. मॅडम म्हणायला लागल्यापासून ते ह्या खोलीत आले नव्हते. मंजूर झालेल्या रिकाम्या टेबलामागे ते बसले. बहुधा त्या टेबलाशी बसलेला पहिला माणूस. कागद त्यांच्या हातात होता. त्यावर दोन वाक्यं होती: ‘तोटा झाला. दिवस ठेवला आहे.’

“रोखे दुप्पट असते तर आज सहा कोटी दहा गेले असते,” ते म्हणाले.

“हो.”

त्यांनी कागद पुन्हा वाचला, जणू मागे आणखी काही लिहिलं असेल. उलटूनही पाहिला.

“बस्स? एवढंच? तुझी भाषा कुठे गेली अगं?”

“एवढंच लागतं, साहेब.”

“आणि अशी परिस्थिती पुन्हा उद्भवण्याची शक्यता?”

“आहे,” ती म्हणाली, आणि उद्याची ओळ लावायला घेतली.